शोधनिबंध मागवायचाय? गोव्यातल्या ग्रंथालय सेवेची झाडाझडती

शोधनिबंध पुरवणारं ग्रंथालय किती पाण्यात आहे हे पाहायचं असेल, तर नव्या, गाजलेल्या जर्नलमधला लेख मागू नये. तो आता कुठेही मिळतो. मांडवी-झुआरीच्या मुखाजवळच्या प्लवकांवर सत्तरच्या दशकात लिहिलेला, एखाद्या जुन्या अहवालाच्या संदर्भयादीत जर्नलचं त्रोटक नाव आणि चुकीचा पान क्रमांक देऊन छापलेला लेख मागावा. ‘आमच्याकडे येत नाही’ एवढंच उत्तर आलं, तर ती सेवा वर्गणीपुरती आहे. ‘साल नक्की हेच ना? लेखक दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले, म्हणजे एनआयओतले, होते का?’ असा उलट प्रश्न आला, तर योग्य ठिकाणी आलो असं समजावं.

२०२५ पासून या सेवेचं चित्र पार बदललं आहे. लॉगिन मिळालेल्यांची चैन झाली. पण याच काळात छापील अंकांची कपाटं आवळली गेली आणि लेख शोधून आणून देणारा विभाग बऱ्याच ठिकाणी ‘आता सगळं ऑनलाइन आहे’ या एका वाक्यात गुंडाळला गेला. आमच्या मते गफलत तिथेच आहे.

आधी जमेची बाजू. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे बोलण्यातलं ‘ओनॉस’, केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलं. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल आणि ६,३०० हून अधिक संस्था असा त्याचा आवाका. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, आयईईई, अमेरिकन केमिकल सोसायटी ही मंडळी त्यात आहेत. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांचं जाळं सांभाळणाऱ्या केंद्राकडे. त्याआधी विद्यापीठांसाठी ई-शोधसिंधू, सीएसआयआरच्या प्रयोगशाळांसाठी एनकेआरसी, शेतीसाठी सेरा, वैद्यकासाठी अर्मेड अशा वेगवेगळ्या चुली होत्या. त्यामुळे ताळगाव पठारावर विद्यापीठात न उघडणारा लेख खाली दोनापावलला एनआयओत उघडायचा, आणि कधी उलटं. मग ओळखीपाळखीने पीडीएफ मागवणं आलंच. आता सरकारी संस्थांपुरती तरी यादी एकच झाली. लहान सरकारी महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकालाही तेच जर्नल दिसतं जे राष्ट्रीय प्रयोगशाळेत दिसतं. हा फायदा खरोखर मोठा आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण ‘सरकारी’ हा शब्द नीट वाचावा. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकार चालवत असलेल्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. गोव्यातली बरीच जुनी महाविद्यालयं मात्र खासगी संस्थांची आणि अनुदानित. पगार सरकार देतं म्हणून आपण आपोआप आत, असं धरून चालू नये. संस्थेचं नाव पोर्टलवरच्या यादीत आहे का, नोडल अधिकारी कोण आणि नोंदणी पूर्ण झाली आहे का, या तीन गोष्टी आपल्या ग्रंथपालाला विचाराव्यात. खासगी विद्यापीठं स्वतःच्या वर्गणीवरच आहेत. आणि ही योजना जर्नलची आहे. संदर्भग्रंथ त्यात शोधत बसू नये.

आता लॉगिनच्या तक्रारी. यातल्या बहुतेकांचं मूळ एकच: प्रकाशकाची यंत्रणा माणसाला नव्हे, इंटरनेटच्या पत्त्याला ओळखते. संस्थेच्या आवारातला सार्वजनिक आयपी पत्ता प्रकाशकाकडे नोंदवलेला असेल तरच लेख उघडतो. वायफाय मंद म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की आपण बाहेरचे झालो, जरी ग्रंथालयाच्याच खुर्चीत बसलो असलो तरी. संस्थेने इंटरनेट पुरवठादार बदलला, पावसाळ्यात मुख्य लाइन तुटली म्हणून दुसरी जोडली, की पत्ता बदलतो आणि एका रात्रीत सगळी जर्नल ‘बंद’ होतात. ग्रंथालयात तक्रार जाते, तिथून प्रकाशकाला पत्र जातं आणि आठवडा वाया जातो. खरं काम संगणक विभागाकडून नवा पत्ता घेऊन पोर्टलवर टाकण्याचं असतं. तक्रार करण्याआधी ब्राउझरमध्ये आपला आयपी पत्ता पाहून तो आकडा तक्रारीत लिहिला, तर निम्मा वेळ वाचतो.

घरून वाचायचं तर इन्फेड, म्हणजे इन्फ्लिबनेटची एकत्रित लॉगिन व्यवस्था. प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत प्रवेश घेण्याचा पर्याय निवडायचा, यादीत आधी इन्फेड हा महासंघ शोधायचा, मग आपली संस्था, आणि मग ग्रंथालयाने दिलेलं नाव व पासवर्ड. लोक इथे दोनदा अडकतात. एक, संस्थेचं नाव थेट शोधतात. ते काही प्रकाशकांच्या यादीत महासंघाखाली दडलेलं असतं. दोन, आधीच्या संस्थेची ओळख ब्राउझरने धरून ठेवलेली असते, म्हणून नवं लॉगिन नाकारलं जातं. खासगी विंडो उघडून पुन्हा प्रयत्न केला की बहुधा सुटतं. जून-जुलैत नव्या विद्यार्थ्यांची खाती तयार व्हायला वेळ लागतो, हे समजण्यासारखं आहे. पण संशोधक विद्यार्थ्याचं खातं वर्षाअखेरीस आपोआप संपतं आणि प्रबंध लिहिण्याच्या ऐन महिन्यात तो अडकतो, हे टाळता येण्यासारखं आहे. खात्याची मुदत नोंदणीच्या कालावधीशी जोडावी, शैक्षणिक वर्षाशी नको.

आणखी एक भानगड. कुणी एकाने एखादं सॉफ्टवेअर लावून अख्ख्या खंडाचे लेख सटासट उतरवायला सुरुवात केली, की प्रकाशक त्या माणसाला नाही, पूर्ण आवाराच्या पत्त्यालाच कुलूप लावतो. सकाळी दहाला कुणाचा तरी उपद्व्याप, अकरापासून सगळ्या विभागांचा उपवास. संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून एकदम तीनशे पीडीएफ ओढण्याची सोय असते. ती वापरू नये.

एवढं सगळं सुरळीत झालं तरी लेखाशेजारी कुलपाचं चित्र दिसतंच. वर्गणी जर्नलच्या नावावर असते, पण तिला वर्षांची चौकट असते. अलीकडची वर्षं मिळतात. १९९० च्या आधीचे अंक अनेक प्रकाशक ‘जुनं भांडार’ म्हणून वेगळे विकतात. शिवाय जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं की मधली काही वर्षं दोघांच्याही पानावर सापडत नाहीत. ज्याचं संशोधन खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीतल्या, मिठागरांवर किंवा डिचोली-सांगे भागातल्या खाणींच्या गाळावर आहे, त्याला तुलनेसाठी जुनीच मोजमापं लागतात. म्हणजे नेमकं जे हवं तेच चौकटीबाहेर.

इथून ग्रंथालयाचं खरं काम सुरू होतं, आणि इथेच सेवा कमीअधिक होते.

चांगली मागणी कशी लिहावी, हे कुणी शिकवत नाही म्हणून सविस्तर. लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं, लेखाचं पूर्ण शीर्षक, जर्नलचं पूर्ण नाव, साल, खंड, अंक, पानं, आणि असेल तर डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक. डीओआय असेल तर बाकी चुकलं तरी चालतं. तो नसेल तर एकही चूक महागात पडते. जुन्या लेखांना तो बहुधा नसतोच, किंवा नंतर चिकटवलेला असतो, म्हणून डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफच्या शोधात शीर्षक टाकून एकदा पाहावं. हा संदर्भ कुठे सापडला तेही लिहावं. ग्रंथपाल त्या मूळ यादीत जाऊन चूक पकडू शकतो.

चुका कुठल्या? त्रोटक नावांचा घोळ पहिला. समुद्रशास्त्रात ‘मरीन बायॉलॉजिकल असोसिएशन’चं जर्नल ब्रिटनचंही आहे आणि भारताचंही, शेवटचा शब्द गळाला की मागणी वेगळ्याच देशात जाते. नाव बदलणं दुसरं. १९७२ साली सुरू झालेलं ‘इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेस’ पुढे ‘जिओ-मरीन सायन्सेस’ झालं. जुन्या लेखासाठी नव्या नावाने शोधलं की यंत्र ‘नाही’ म्हणतं. तिसरं सालाचं. लेख डिसेंबरात ऑनलाइन येतो आणि पुढच्या वर्षीच्या खंडात छापला जातो, त्यामुळे दोन याद्यांत दोन सालं. चौथं, हल्ली पान क्रमांकाऐवजी लेख क्रमांक असतो आणि मागणीच्या फॉर्मला पानं भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे लेख क्रमांकच टाकावा आणि टिपणात तसं लिहावं. ‘१ ते १०’ अशी काल्पनिक पानं भरणारे आहेत, आणि मग त्यांना वेगळ्याच लेखाची दहा पानं मिळतात.

गोव्यासंबंधीच्या लेखांसाठी क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी एनआयओचं डिजिटल भांडार. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांचे जुने लेख स्कॅन करून ठेवले आहेत, आणि मांडवी, झुआरी, खाजनं, किनारे यांवरचं बरंच मूळ काम तिथलंच आहे. ‘महासागर’ या तिच्या पत्रिकेतले लेख आंतरराष्ट्रीय शोधयंत्रांत सहजी सापडत नाहीत, इथे सापडू शकतात. शोधताना ‘झुआरी’ची स्पेलिंगं बदलून बदलून पाहावीत, पोर्तुगीज वळणाची, इंग्रजी वळणाची, दोन्ही चालू होती. नद्यांची आणि गावांची नावं हा गोव्यातल्या शोधाचा कायमचा काटा आहे. मासळीवरचं असेल तर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं (सीएमएफआरआय) ई-प्रिंट भांडार, आणि भारतीय मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनचं १९५९ पासूनचं जर्नल, जे मोफत वाचता येतं. ‘करंट सायन्स’चे १९३२ पासूनचे अंक खुले आहेत. काजू, नारळ, भातासाठी सेराची लेखपुरवठा सेवा ही कृषी ग्रंथालयांच्या आपसातल्या देवघेवीवर उभी राहिली. जुन्या गोव्याजवळ एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेसारख्या संस्था याच कुळातल्या. एवढ्या ठिकाणी नाही मिळालं तर मगच बाहेर मागणी पाठवावी. बरेच जण हा क्रम उलटा लावतात, आणि मोफत असलेल्या लेखासाठी पंधरा दिवस थांबतात.

बाहेरचा रस्ता म्हणजे आंतरग्रंथालयीन देवघेव. कुणाकडे कोणतं जर्नल आहे हे इन्फ्लिबनेटच्या इंडकॅट या एकत्रित सूचीत पाहता येतं. १९८८ साली सुरू झालेलं दिल्लीचं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं सदस्य ग्रंथालयांकडून मागणी घेतं. सदस्यत्व संस्थेला मिळतं, म्हणून व्यक्तीने आपल्या ग्रंथालयामार्फतच जायचं. १९५२ साली स्थापन झालेल्या इन्सडॉक या राष्ट्रीय वैज्ञानिक दस्तऐवज केंद्राने टपालाने झेरॉक्स आणि मायक्रोफिल्म पाठवून एक पिढी पोसली. पुढे ती संस्था निस्केअरमध्ये आणि मग निस्परमध्ये विलीन झाली. आज तेवढ्या हक्काची एकच राष्ट्रीय खिडकी उरलेली नाही, ही आमची तक्रार आहे. परदेशात ब्रिटिश लायब्ररीची पुरवठा सेवा हा जुना भरवसा. पण ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर तिथल्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत होत्या. सगळी भिस्त एका ठिकाणी ठेवली की काय होतं, ते तेव्हा जगभरच्या ग्रंथालयांना दिसलं.

इथे एक विचित्र गोष्ट घडते, जी वाचकाला कुणी समजावून सांगत नाही. ज्या ग्रंथालयाकडे जर्नल ऑनलाइन आहे, ते तुम्हाला पीडीएफ सरळ पाठवू शकेलच असं नाही. छापील अंक ग्रंथालयाच्या मालकीचा होता. त्यातल्या लेखाची संशोधनासाठी प्रत काढायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली न्याय्य वापराची मुभा होती आणि विषय संपत होता. ऑनलाइन अंक हा परवाना असतो. दुसऱ्या ग्रंथालयाला लेख देता येतो का, फाइल म्हणून की छापून स्कॅन केलेला, हे त्या करारात लिहिलेलं असतं. म्हणून स्वच्छ पीडीएफ असताना वाकडी स्कॅन प्रत हातात पडते. ग्रंथपाल आळशी नसतो, कराराने बांधलेला असतो. तरीही स्कॅन कसा असावा याचे नियम ग्रंथालयाच्या हातात आहेत. मजकुराला ३०० डीपीआय पुरेसे; सूक्ष्मदर्शकातली चित्रं, डायटम या सूक्ष्म शैवालांची पटलं, नकाशे यांना ६०० हवेत आणि रंगीत असेल तर रंगातच हवं. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये क्षारतेच्या नकाशावरचे पाच रंग एकाच करड्या छटेत विरघळतात आणि लेख निरुपयोगी होतो. मोठी फाइल जीमेलच्या २५ एमबीच्या मर्यादेत अडकते, हेही लक्षात ठेवावं.

संस्था नसलेल्या माणसाचं काय? म्हापशातला खासगी डॉक्टर, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान औषध कंपनीतला केमिस्ट, साखळीचा निवृत्त शिक्षक, सत्तरीतल्या माकडतापावर लिहिणारा पत्रकार. छापील जमान्यात विनंतीपत्र घेऊन ग्रंथालयात शिरलं की अंक हाताळता यायचा. आता कपाटात अंक नाही आणि लॉगिन नाही. या बाबतीत ऑनलाइनच्या वाढीने दार उघडलं कमी, लावलं जास्त. परवान्यात आवारात येऊन वाचणाऱ्यांना मुभा असण्याची पद्धत जुनी आहे. पण प्रत्यक्षात पाहुण्याला वायफाय मिळत नाही, म्हणून मुभा कागदावर राहते. ग्रंथालयाने एक संगणक वेगळा ठेवावा, वहीत नाव लिहून घ्यावं, छापण्याचा खर्च घ्यावा, बस. ओनॉसच्या पुढच्या टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना प्रवेश देण्याचा विचार मांडलेला आहे. तसं झालं तर पणजीच्या पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते, हे त्यासाठी सर्वांत सोयीचं ठिकाण. कदंबाच्या बसस्थानकावरून चालत जाता येतं, इतकी साधी गोष्टही अशा वेळी महत्त्वाची असते.

तोवर कायदेशीर मोफत वाटा. वैद्यकाला पबमेड सेंट्रल, भौतिकी-गणिताला १९९१ पासूनचं आर्काइव्ह, आणि कुठल्याही डीओआयसाठी अनपेवॉलचं ब्राउझर जोडपत्र; मोफत प्रत असेल तर ते कुलूप उघडं दाखवतं. मात्र मिळालेली प्रत कोणती हे पाहावं. ‘स्वीकृत हस्तलिखित’ असेल तर मजकूर तोच, पण पान क्रमांक वेगळे. ‘प्रीप्रिंट’ असेल तर परीक्षणाआधीचा मजकूर, त्यात आकडेही वेगळे असू शकतात. संदर्भ देताना ही गल्लत हमखास होते. काहीच नाही मिळालं तर लेखकालाच दोन ओळींची मेल. विषयात लेखाचं शीर्षक, मजकुरात आपण कोण आणि कशासाठी हवा एवढंच. वर्गणीतले लेख परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या सायहबच्या वाटेबद्दल थोडक्यात: दिल्ली उच्च न्यायालयात प्रकाशकांचा दावा २०२० पासून आहे, आणि २०२५ मध्ये ते संकेतस्थळ रोखण्याचा आदेश झाला. ग्रंथालयाने तिकडे बोट दाखवणं हा सेवेचा भाग नव्हे, कितीही सोयीचं असलं तरी.

ग्रंथालयांसाठी एक सूचना. प्रकाशक ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वापराची आकडेवारी देतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यातला ‘किती लेख उतरवले’ एवढाच आकडा वार्षिक अहवालात झळकतो. त्याच संचात टीआर_जे२ हा अहवाल असतो: परवाना नसल्यामुळे किती वेळा वाचक परत फिरला. आपल्या वाचकांना काय मिळत नाही ते त्यात जर्नलच्या नावानिशी दिसतं. दर तीन महिन्यांनी तो काढून वरची दहा नावं लेखपुरवठ्याच्या यादीत घेतली, तर कुणी मागण्याआधीच निम्मी तयारी होते.

मागणी नोंदवताना ग्रंथालयाच्या खिडकीवर एकच विचारून ठेवावं: नाही मिळालं तर किती दिवसांत कळवाल? सात कामाच्या दिवसांत ‘नाही’ येणारी सेवा, तीन आठवडे गप्प राहून ‘हो’ म्हणणाऱ्या सेवेपेक्षा बरी, कारण तेवढ्यात दुसरीकडे लिहिता येतं. आणि लेख आला की मागणी बंद करण्याआधी फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळावी. संदर्भयादी पूर्ण आहे का, मधलं पान सुटलं नाही ना, तक्त्याची उजवीकडची रकानेपट्टी बांधणीच्या घडीत गेलेली नाही ना, पुरवणी सारण्या वेगळ्या फाइलमध्ये असतील तर त्या आल्या का. अंक अजून टेबलावर असेपर्यंत एक पान पुन्हा स्कॅन करायला पाच मिनिटं लागतात. तो कपाटात गेला की नवी मागणी, नवा क्रमांक.